तीन किल्ल्यांचं कुलूप

हेमानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, उघडलं, पुन्हा लावलं. बोहरी आळीतला दुकानदार काउंटरवर कोपर टेकून पाहत होता. हे त्यानं दाखवलेलं चौथं कुलूप.

"ताई, होस्टेलचं कपाटच आहे ना? का तिजोरी?"

"किल्ल्या किती?" हेमानं विचारलं.

"तीन."

"मग हेच द्या."

श्यामसुंदरनं पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. बादली, मग, चादरी, दोरी, चिमटे, आणि ढेकूण असणारच असं गृहीत धरून घेतलेला फवारा. त्यांचा स्वतःचा संसार याहून कमी सामानात सुरू झाला होता. त्यांची मुलगी पूर्णिमा दुकानाच्या पायरीवर मोबाइल बघत उभी होती. किल्ल्यांचा आकडा ऐकून तिचा अंगठा तेवढा थांबला.

गाडीत बसल्यावर हेमानं वाटप जाहीर केलं. एक किल्ली पूर्णिमाची, दुसरी पहिली हरवली तर, आणि तिसरी आईकडे. कुणी हरकत घेतली नाही. त्या घरात हरकती घेणं गेल्या दिवाळीपासून बंदच होतं.

मांजरीहून कर्वेनगर म्हणजे काही परगाव नव्हे. मग होस्टेल कशाला, असं विचारणाऱ्याला श्यामसुंदर 'ट्रॅफिक' एवढंच सांगे. पुण्यात या कारणाची उलटतपासणी कुणी करत नाही. समोरचा आपल्याच हकिगती सांगू लागतो. खरं कारण तिघांनाही ठाऊक होतं. दिवाळीच्या साफसफाईत हेमानं मुलीचं कपाट आवरलं. हेमाच्या आवरण्यात कप्प्यात अंथरलेल्या कागदाखालीही हात जाई. तिथं एक घड्याळ निघालं. पुरुषी, चामडी पट्ट्याचं, भेटवस्तूच्या कागदात गुंडाळलेलं. भाऊबीजेला सगळे जेवायला बसलेले असताना तिनं ते ताटांच्या मधोमध आणून ठेवलं आणि विचारलं, हे कुणासाठी? वरण वाढणाऱ्या आत्याचा हात तसाच राहिला. श्यामसुंदरनं लोणचं मागितलं. पुढं प्रवेशाची वेळ आली तेव्हा पूर्णिमानं शहराच्या दुसऱ्या टोकाची कॉलेजं तेवढी निवडली.

होस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. हेमानं कपाट आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसलं, कागद अंथरले, कपड्यांच्या घड्या रचल्या. ओला टॉवेल कॉटवर टाकायचा नाही, डबा रात्रीच विसळायचा, रूममेटला इस्त्री द्यायची पण कंगवा नाही. पूर्णिमा प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होती. भांडणापेक्षा हे 'हो' जास्त दमवणारं आहे, असं श्यामसुंदरला वाटून गेलं. शेवटी हेमानं नवं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दोन किल्ल्या मुलीच्या हातावर ठेवल्या, तिसरी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि बाटली घेऊन खाली गेली. फिल्टर असतो म्हणतात, तो चालतो का, ते तिला बघायचं होतं.

पावलांचा आवाज जिन्यात विरल्यावर पूर्णिमानं सॅकच्या आतल्या खणातून नंबरचं कुलूप काढलं. नवं नव्हतं, बरेच दिवस जवळ बाळगलेलं दिसत होतं. तिनं आईचं कुलूप काढून ते लावलं आणि काढलेलं कुलूप दोन्ही किल्ल्यांसकट बापापुढे धरलं.

"बाबा, हे घरी न्या. आईला सांगू नका."

श्यामसुंदरनं ते पँटच्या खिशात घातलं.

"नंबर काय ठेवलायस?" त्यानं सहज विचारलं.

पूर्णिमानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही, नको सांगूस," तो म्हणाला.

हेमा भरलेली बाटली घेऊन आली, तिनं ती टेबलावर ठेवली, मुलीच्या कपाळावरची बट मागं सारली. कपाटाकडे तिनं पाहिलं नाही.

परतताना स्वारगेटच्या सिग्नलला बराच वेळ गेला. हडपसरच्या पुलाखाली त्याहून जास्त. एरवी अशा वेळी हेमा शेजारच्या गाड्यांतल्या माणसांवर शेरे मारी. आज ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. श्यामसुंदरला खिशातलं कुलूप मांडीला टोचत होतं, पण सरकवायचं कसं, ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर तो पंखा लावून टेकला. पूर्णिमाच्या खोलीतून हाक आली.

"अहो, इकडे या."

हेमा मुलीच्या लाकडी कपाटासमोर उभी होती. तिनं हात पुढे केला.

"द्या."

"काय?"

"खिशातलं. दारापर्यंत आले होते मी, बाटली भरून. पुन्हा दोन जिने उतरले."

त्यानं कुलूप दोन्ही किल्ल्यांसकट दिलं. हेमानं ते कपाटाच्या कडीत अडकवलं, दाबलं, सवयीनं ओढून पाहिलं. मग पर्समधली किल्ली बाकीच्या दोन्हींत मिसळून तिन्ही त्याच्या हातावर ठेवल्या.

"ठेवा कुठंतरी. मला सापडणार नाहीत अशा."

श्यामसुंदर किल्ल्या मुठीत धरून घरभर फिरला. डाळीचे डबे, माळा, देव्हाऱ्यामागची फट, जुन्या बुटांचे खोके. हेमाला सापडणार नाही अशी जागा त्या घरात त्याला आठवेना. शेवटी त्यानं पायात चपला सरकवल्या.

दार उघडल्याचा आवाज स्वयंपाकघरात गेला असणारच. कुठं निघालात, असं कुणी विचारलं नाही. आतून फक्त नळ मोठा सोडल्याचा आवाज आला.