गाळणीवर राहिलेलं

साहेबांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. शेवटची ओळ होती : 'नदीच्या मागच्या फाट्यात जीवसृष्टी आढळत नाही. फाटा बुजवण्यास हरकत नाही.' खाली माझ्या सहीपुरती जागा मोकळी होती.

मागचा फाटा म्हणजे मुख्य धारेपासून फुटून बाजूला साचून राहिलेलं पाणी. हिरवट, शेवाळलेलं, बघून नाक मुरडावं असं. तो बुजवून तिथे गोदामं बांधायची होती.

"सही करणार नाही," मी म्हणाले.

साहेब हसले. "का बरं? आकडे तुमचेच आहेत की. अकरा वर्षांचे."

माझेच होते, तेच तर दुखणं होतं. आमच्या प्रयोगशाळेत गढूळ नमुना आधी गाळायचा, मगच तपासायचा, नाहीतर यंत्राची नळी तुंबते. गाळणीचा कागद थेट कचऱ्याच्या डब्यात. मला शिकवणाऱ्याने तसंच शिकवलं आणि मीही कधी डोकं चालवलं नाही.

परवा मोठ्या भावाने मासा आणून दिला. तो होडी घेऊन धारेत मासे धरतो, पोट त्यावरच आहे. मासा साफ करताना पोटातून हिरवट लगदा निघाला. सवयीने थोडा बाटलीत भरला आणि काल सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाणपिसवा आणि अळ्या, नुसती खच्चून गर्दी! धारेच्या नमुन्यात इतक्या कधी दिसल्या नव्हत्या. मग फाट्याचं पाणी आणून गाळलं आणि पहिल्यांदाच कागद टाकून न देता पाहिला. कागदावर तीच मंडळी वळवळत होती.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग इतकी वर्षं काय लिहीत होतीस गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे सगळं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, धारेचं पाणी बघा, काचेसारखं स्वच्छ! मासे तिथेच आहेत ना?"

"राहतात तिथे, जेवतात फाट्याच्या जिवावर. फाट्याचं तोंड धारेला मिळतं, तिथून खाणं वाहत येतं. फाटा बुजवा, मग त्या काचेत काय उरतं ते बघा."

"हे लिहिलंत तर तुमचे अकरा वर्षांचे अहवाल खोटे ठरतील. चौकशी लागेल. नोकरीही जाईल. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता. अहवालातली शेवटची ओळ मी खोडली आणि खाली लिहिलं : 'नमुने गाळून तपासले. गाळणीवरचे जीव मोजलेच नाहीत. चूक माझी. फाट्याविषयीचे माझे सर्व जुने अहवाल रद्द धरावेत. फाटा जिवंत आहे.' आणि त्याखाली ठसठशीत सही केली.

"हा कागद इथून पुढे जाणार नाही," साहेब म्हणाले.

मी तो उचलला आणि तडक आवक-जावकच्या टेबलाशी गेले. कारकुनाने वाचला, माझ्या मागे आलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि शिक्का खणात टाकला.

"उद्या या, ताई."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. "अकरा वर्षं उशीर झालाय, दादा. आता उद्या नाही. मारा शिक्का."