शाईखालची पेन्सिल

मी वॉर्ड चारचा ड्युटीचा तक्ता बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी खोटा आहे.

शनिवारी दुपारी सिस्टरांनी पट्टी धरून मला आखलं. वॉर्डच्या प्रमुख त्या. पगारी नर्सची नावं शाईने, शिकाऊ मुलींची पेन्सिलने, ही त्यांची जुनी रीत. पेन्सिलवाल्या शिकायला आलेल्या, त्यांना मोजायचं नाही. माझ्या मंगळवारच्या रकान्यात एक नाव शाईत होतं आणि तीन पेन्सिलीत.

त्या मंगळवारी शाईतली नर्स एका पेशंटला ऑपरेशनसाठी घेऊन गेली. मागे राहिल्या बत्तीस खाटा आणि तीन शिकाऊ मुली. त्यांतल्या धाकटीने घाईत एकाची सलाईन दुसऱ्याच आजोबांना लावली. आजोबा वाचले, पण थोडक्यात.

संध्याकाळी ऑफिसातले साहेब आले. "चौकशी होणार. वॉर्डात चार नर्स दिसल्या पाहिजेत. पेन्सिलीतली नावं शाईने गिरवा."

सिस्टरांनी गिरवली. पाच मिनिटांत तिन्ही मुली माझ्या अंगावर नर्स झाल्या. धाकटी आता नर्स म्हटल्यावर चूकही सगळी तिचीच. धाकटीला घरी बसवलं, कोर्समधून नाव काढायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच महिन्यात आमदारांची समिती आली. सरकारी दवाखान्यांत नर्स कशा घडवायच्या, याचा कायदा होणार होता. त्यात एक कलम होतं: शिकाऊंना कर्मचाऱ्यांत मोजू नये.

"आमच्याकडे त्याची गरजच नाही, मॅडम," साहेब हसून म्हणाले. "हा बघा तक्ता, चारही नर्स पगारी."

अध्यक्षबाईंनी मला हातात घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराशी दाद मागायला आलेली धाकटी आईला धरून उभी होती.

सिस्टर उठल्या. निवृत्तीला त्यांचे सात महिने उरले होते.

"मॅडम, तो जरा उजेडाकडे धरा. तीन नावांखाली पेन्सिल आहे. मी गिरवलंय."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"साहेबांच्या. पण हात माझा होता. तिथे नर्स एकच होती, आणि ती ही पोरगी नव्हे."

धाकटी आता परत वर्गात बसते. सिस्टर निलंबित आहेत. मी विधेयकाच्या फायलीत टाचलेला पडलोय. त्या कलमात कोणीतरी एक शब्द घालायला सुचवलाय: शिकाऊंना 'शक्यतो' मोजू नये.

उद्या सभागृहात त्यावर मतदान आहे. हात वर करण्याआधी मला एकदा उजेडाकडे धरा, एवढंच मागतो. सिस्टर त्या दिवशी 'शक्यतो' खरं बोलल्या नाहीत. खरं बोलल्या.