पोचे पडलेला तांब्या

सयाजीरावांनी लेकीच्या हातातून अर्ज ओढला, तेव्हा त्याचा एक कोपरा तिच्या बोटांतच राहिला.

"फाटला की ओ आबा," सुला म्हणाली.

"फाटू दे. अर्ज दुसरा मिळंल. गेलेली अब्रू मिळत न्हाई."

कराडच्या कॉलेजच्या व्हरांड्यात पोरांची रांग लागली होती. अकरावीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. बापलेक पहाटेच्या एस.टी.नं रहिमतपूरहून आली होती. प्रवेश झाला की सुलानं जवळच मलकापूरला आत्याकडं राहायचं, एवढंच दोघांना मान्य होतं. सयाजीराव एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आलेले हवालदार. पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तसं त्यांनी गावभर सांगून टाकलं होतं, की ही डॉक्टर होणार. आणि पोरीनं अर्जात लिहिलं होतं: मानसशास्त्र, तर्कशास्त्र, गणित.

"ह्यो कसला इषय?"

"माणसाच्या मनाचा."

"येड्यांचा म्हन की सरळ."

"तसं न्हाई, आबा. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. ह्यो विषय घ्यायचा, पण गणित सोडायचं न्हाई, पुढं लागतंय. बी.ए. झालं की पुण्याला शिकायचं. मग दवाखान्यात काम मिळतं."

"दवाखान्यातच जायाचं, तर डागदर हून जा की! दारात घोडं असताना गाढवावर कशापायी बसायचं?"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई पीरमहंमद त्यांचा फौजी थाट बघून म्हणाला, "गाढव बी पोचवतंय हो सुभेदार. जरा उशिरा, एवढंच."

सयाजीरावांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. मग आवाज खाली आणला, आणि खाली आला तसा तो जास्तच धारदार झाला.

"उद्या लोकं इचारतील, हिनं ह्योच इषय का घेतला? हिच्या घरात कोन येडं हाय? काय सांगायचं त्येस्नी?"

सुला पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मी इचारतोय. कोन हाय?"

"कोन न्हाई," ती म्हणाली. पण म्हणायला तिनं वेळ लावला, आणि तो वेळ सयाजीरावांच्या नजरेतून सुटला नाही.

खिडकीतल्या कारकुनानं कुरकुर करत दुसरा अर्ज दिला आणि जेवायच्या सुट्टीसाठी खिडकी लावून घेतली.

"सायन्स लिव," सयाजीराव म्हणाले. "खिडकी उघडंस्तोवर लिवलं तर लिवलं. न्हाईतर गाडी धरू. कोरेगावच्या पाव्हण्यांस्नी होकार कळवायला मला उशीर न्हाई."

व्हरांड्याच्या टोकाला एक बाकडं होतं. तिथं दोघांनी भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी एका अंगाला जाड होती. सयाजीराव लढाईवरून आले त्याच साली बनुबाईचं, सुलाच्या आईचं, मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. तेव्हापासून तिच्या भाकऱ्या अशाच. म्हशीनं दाव्याला हिसडा मारला, असं तिनं सांगितलं होतं. त्या रागात सयाजीरावांनी म्हैस रहिमतपूरच्या बाजारात नेऊन विकली होती.

चटणीची पुडी काढताना पिशवीत पितळी तांब्या खडखडला. पोच्यांनी भरलेला, बूड बसलेला. निघताना बनुबाईनं तो पिशवीत कोंबला, तेव्हाही त्यांनी टोकलं होतं.

"फिरकीचा तांब्या असताना ह्यो कशाला? ह्यात पानी तरी ऱ्हाईल का वाटंनं?"

"असू द्या," बनुबाई म्हणाली होती. मग लेकीला, "सुले, हाताशी ठेव गं."

घरात हाच तांब्या रोज पहाटे वाजायचा. बनुबाई माजघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तो दगडावर आपटायची. टण, टण. "आवं, उजाडलं." भांड्याचा जीव घेशील, असं ते कैकदा ओरडले होते. बायकांना आदळआपटीची खोडच असते, म्हणून शेवटी सोडून दिलं होतं.

भाकरी पोटात गेली आणि सयाजीरावांना पेंग आली. रात्री त्यांना धड झोप नसे. डोळा लागला की एक पूल दिसायचा. पुलाखाली काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात कुणाला यातलं काही ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती. भिंतीला पाठ लावून त्यांनी डोळे मिटले. शेजारी सुला कोरा अर्ज मांडीवर घेऊन बसली होती.

जाग आली ती चपलांच्या आवाजानं. अंग जागं झालं होतं, पापण्या मात्र उचलत नव्हत्या.

"ओ सुभेदार! उठा की, खिडकी उघडली!" पीरमहंमदाचा आवाज अगदी जवळ आला.

"चाचा, हात लावू नका!"

सुला इतक्या जोरात ओरडली, की व्हरांड्यातली कुजबुज थांबली.

"का गं पोरी? वाघ हाय का काय तुझा बा?"

"झोपंत त्येस्नी कळत न्हाई, कोन हाय ते." तिनं आवाज दाबला होता, तरी शब्द न् शब्द सयाजीरावांच्या कानात उतरत होता. "लांबनंच उठवायचं. आईनं हलवलंवतं एकदा. हात मोडला तिचा."

"आगं आई! मग?"

"मग काय न्हाई. म्हैस इकली."

पीरमहंमद हसला नाही. त्याच्या चपला मागं सरकल्या.

सयाजीरावांनी डोळे मिटलेलेच ठेवले. पिशवीत खडखड झाली. पावलं चार हात लांब गेली. मग व्हरांड्याच्या फरशीवर तांब्या वाजला. टण, टण.

"आवं आबा, खिडकी उघडली."

ते सावकाश उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि लेकीच्या तोंडाकडं न बघता बाकड्यावरचा अर्ज उचलून खिडकीशी गेले.

"हं, काय, सायन्स का?" कारकुनानं विचारलं. "अहो, विषयांची जागा कोरीच आहे की."

सुला मागं उभी होती. एका हातात पेन, दुसऱ्यात तांब्या.

"लिव," सयाजीराव म्हणाले.

"काय लिवू?"

"मगाशी लिवलंवतंस ते."

पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं. "लोकांनी इचारलं तर?"

सयाजीरावांनी खिडकीचा गज धरला. "माझ्याकडं लावून दे त्येस्नी."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा त्यांनी सुलाला दिली. उंब्रज मागं पडलं. उसाचे फड सरकत होते. मग समोरच्या सीटच्या दांड्याकडं बघत त्यांनी विचारलं,

"ती म्हैस गरीब हुती, न्हवं गं?"

सुलानं त्यांच्याकडं पाहिलं.

"लय गरीब हुती, आबा."

सयाजीरावांनी मान हलवली. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून तांब्या काढला, तिच्या मांडीवर ठेवला. स्वतः बाकड्याच्या पार कडेला सरकून बसले आणि डोळे मिटून घेतले.