पिन ताटलीत नव्हती

अकरा चाळीसचा मुहूर्त गाठायचा म्हणून दत्तराव सकाळपासून सिताराम मिस्त्रींच्या सेलूतल्या गॅरेजात येरझाऱ्या घालत होते. गाडी त्यांची, परभणीची भाडी तिच्याच जिवावर चालत. इंजिनाची टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर नवा बसला होता, पुढचे कव्हरही लागले होते. आता फक्त चावी फिरवायची राहिली होती.

सितारामांच्या मुलीचे, संघप्रियाचे, चित्त मात्र थाऱ्यावर नव्हते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन गॅरेजात उतरलेल्या या मुलीचा एक नेम होता: इंजिनातून निघालेली प्रत्येक वस्तू स्टीलच्या ताटलीतच पडली पाहिजे. नवा टेन्शनर दाबलेला येतो. त्याला अडकवून ठेवणारी बारीक पिन शेवटी उपसायची असते. ती राहिली तर चेन सैल पडते, दात सोडते आणि पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो.

आणि ताटलीत आता हळद-कुंकू होते.

"काका, ह्यातलं सामान कुठाय?" तिने दत्तरावांना विचारले.

"चिंधीत बांधलंय की. ताटली धुऊन घेतली. इंजिनची पूजा नको का?"

तिने चिंधी सोडली. चार जुने बोल्ट, एक वॉशर. पिन नाही.

"बाबा, पिन तुम्ही काढली ना?"

"मला वाटलं तू काडली," सिताराम म्हणाले आणि हात पुसत राहिले.

"धुताना पडली आसंल," दत्तराव घड्याळ बघत म्हणाले. "लय शिकलं की आसं व्हतं बघा मिस्त्री! मार चावी पोरी, सहा मिन्टं राह्यलीत."

ती नळाखालची फरशी बोटांनी चाचपून आली. काही नव्हते. पडली असणे शक्य होते. पण शक्यतेच्या भरवशावर चावी फिरवायला तिचा हात धजेना.

"कव्हर उघडते."

"आगं, मुहूर्त जायलाय!"

"तो जाऊ द्या. गाडी जायला पायजे ना परभणीला?"

घामाने पाना निसटत होता. शेवटचा बोल्ट निघाला, कव्हर सुटले. पिन आपल्या भोकात शाबूत होती आणि चेन सैल लोंबत होती.

सितारामांनी पिन उपसली. टेन्शनरचा दांडा खटकन् पुढे आला, चेन ताठ झाली. संघप्रियाने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले. दातेरी चाकांवरच्या खुणा जुळल्या.

अकरा चाळीस केव्हाच उलटले होते. दत्तरावांनी हळद-कुंकू कागदावर ओतले, ताटली पुसून पुढे धरली. तिने पिन तीत टाकली.

"हिला कुंकू लावू का, पोरी?"

"लावा. पण चिंधीत बांधू नका."