वानऱ्याचे आवतण

मित्रांनो, मी एक जुने जू आहे. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गोठ्यात, खुंटीवर, वाळवीला तोंड देत मी दिवस काढत आहे. दिसायला बाभळीचे वाकडे लाकूड. पण दहा वर्षे ज्या खांद्यांवर बसले, त्यांची आठवण अजून माझ्या अंगात आहे.

माझे मालक शिवप्पा. गावात सगळे त्यांना अप्पा म्हणत. देवणी जातीच्या गुरांचे त्यांना भारी वेड. लोक गोठे मोडून ट्रॅक्टर घेत होते, तेव्हा अप्पांनी साठ जनावरे सांभाळली. त्या गुरांनीच त्यांचे नाव चहूकडे नेले. आधी ते आमदार झाले आणि साठी उलटल्यावर दूरच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल. त्यांचा लाडका बैल वानऱ्या, काळ्या तोंडाचा आणि थोडा हट्टी. त्याच्या खांद्याला घट्टा पडला तो माझ्यामुळेच, हे मला कबूल केले पाहिजे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. मला उतरवून ठेवतात. मालक बैलाचा खांदा तूप-हळदीने मळतो आणि म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पाहुण्याला द्यावे तसेच हे आमंत्रण. ज्याने दिले, त्यानेच दुसऱ्या दिवशी पुरणपोळी भरवायची.

त्या वर्षी नेमका पोळ्याच्या दिवशीच अप्पांचा राज्यपालपदाचा शपथविधी होता. गाडी दारात उभी होती. जाता जाता खांदा मळून जावे म्हणून ते गोठ्यात आले, आणि हात फिरता फिरता ते शब्द तोंडातून निघून गेले.

गोठा सांभाळणारा लिंबाजी चमकला. "अप्पा, तुम्ही तर चाललाव. उद्या कोण जेवू घालणार?"

"सवयीनं बोललो रे."

"त्याला सवय कळत न्हाई. त्यानं ऐकलंय."

अप्पांनी वानऱ्याच्या पाठीवर थाप मारली. मग हात धुऊन गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी तिकडे त्यांनी भरल्या सभागृहात शपथ घेतली. इकडे लिंबाजीने पोळी पुढे केली आणि वानऱ्याने मान फिरवली. लिंबाजीने फोन लावला, एवढेच म्हणाला, "अप्पा, पाहुणा उपाशी हाय."

वानऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी कडबा खाल्ला. जनावर ते, किती दिवस रुसणार? पण अप्पांच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. दर पोळ्याला ते निघायचे ठरवत आणि काहीतरी आडवे येई. एकदा हिवाळ्यात आले, तेही वीस गाड्या घेऊन. भोंग्यांनी गुरे बुजली, अप्पांना गोठ्याच्या दारातूनच मागे फिरावे लागले. पुढे आमच्याकडेही ट्रॅक्टर आला. मी खुंटीवर गेले. म्हातारपणाने वानऱ्याला डोळ्यांनी दिसेनासे झाले. अप्पांना उशीर होणार, या भीतीने माझा जीव झुरत असे.

पाच वर्षांची मुदत संपली आणि अप्पा खांदेमळणीच्या दिवशी एकटेच आले. अंगावर जुने धोतर होते. त्यांनी वानऱ्याचा खांदा मळला. हाडे हाताला लागत होती. घट्ट्यावर हात थांबला. लिंबाजी वाट पाहत होता, पण ते शब्द अप्पांच्या तोंडून येईनात.

तेवढ्यात फोन वाजला. आणखी एका मोठ्या राज्याचे राज्यपालपद त्यांना देऊ केले होते. उद्याच दिल्लीला या, असा निरोप होता.

"उद्या जमणार नाही," अप्पा म्हणाले. "घरी पाहुणा जेवायला आहे."

मग पद दुसऱ्या कुणाला द्यावे लागेल, असे पलीकडून सांगितले असावे. कारण अप्पा शांतपणे म्हणाले, "द्या." फोन ठेवून ते वानऱ्याच्या कानाशी वाकले आणि आवतण दिले.

दुसऱ्या दिवशी वानऱ्याने त्यांचा हात हुंगला. एक घास खाल्ला, मग दुसरा. अप्पा रडले, आणि त्यांनी ते लपवले नाही.

दिवाळीआधी वानऱ्या गेला.

मित्रांनो, औशाकडच्या एका हॉटेलवाल्याने मला मागितले आहे. पॉलिश करून भिंतीवर लावणार म्हणे. मला जपले नाही तरी चालेल. तुमच्यासाठी राबणारा खांदा जवळ असेल, माणसाचा असो की जनावराचा, त्यावर वेळेत हात फिरवा. आणि त्याला 'उद्या येतो' म्हणालात, तर जा.