चंद्रभागाबाईंची टर्बो शिकवणी

हर्षा रामटेकेचं ड्रायव्हिंग स्कूल भंडाऱ्यात खात रोडला नऊ वर्षं चालू होतं आणि या नऊ वर्षांत तिचा उजवा पाय कधी निवांत बसला नव्हता. शिकवणीच्या छोट्या पांढऱ्या गाडीत डाव्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक बसवून घेतलेले होते. शिकणारा उजवीकडे, हर्षा डावीकडे, आणि तिचा पाय सतत त्या ब्रेकवर. सायकलवाला दिसला की पाय खाली. गाय दिसली की खाली. आजवर तिच्या एकाही विद्यार्थ्याने कुठे धडक दिली नव्हती आणि याचा तिला अभिमान होता.

दारात दुसरी एक गाडी उभी असायची, निळी. ती तिच्या धाकट्या भावाची, अंकुशची. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं तेव्हा तो गाडी बहिणीकडे ठेवून गेला. त्या मॉडेलची साधी गाडी म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या साहेबलोकांची सभ्य सेडान, पण ही तिची स्पोर्टी बहीण. जमिनीला टेकेल इतकी खाली, रुंद टायर, मागे दोन सायलेन्सर आणि डिकीच्या झाकणावर लाल अक्षरांत ‘टर्बो’. इंजिनात हवा दाबून भरणारा एक पंखा तिच्यात आहे आणि तो फिरला की गाडीचा स्वभावच बदलतो, असं अंकुशने समजावलं होतं. आठवड्यातून एकदा हायवेवर ने, लांबून आणलीस की लगेच बंद करू नको, मिनिटभर चालू ठेव, टर्बो थंड होऊ दे, असंही त्याने तीनतीनदा बजावलं होतं.

हर्षाचे वडील संघपाल रोज सकाळी ती गाडी पुसायचे. जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामगारांची बस त्यांनी तीस वर्षं चालवली होती आणि काटा कधी चाळिसाच्या पुढे नेला नव्हता. निळ्या गाडीच्या स्टिअरिंगला मात्र ते हात लावत नसत. ही उभी असली तरी पळून राहिल्यासारखी दिसते, एवढंच म्हणत.

डिसेंबरात, धान घरात आल्यावर, नदीपलीकडच्या कारध्या गावच्या चंद्रभागाबाई शिकायला आल्या. वय चौपन्न. नदीकाठी वांग्याची वाडी आणि थोडी धानाची शेती. आजवर वांगी बाजारात न्यायचं काम त्यांचे यजमान सुखराम करायचे, पण सुखरामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली होती. घरची जुनी गाडी अंगणात उभी होती. माणसाले दिसत नाही म्हणून गाडी काहून उभी ठेवाची, असा त्यांचा साधा हिशेब.

ट्रॅक्टर त्यांना येत होता. चिखलणी त्या स्वतः करायच्या. त्यामुळे आठ दिवसांत त्या गाडी चालवू लागतील असं हर्षाला वाटलं होतं. पण चौदा शिकवण्या झाल्या तरी बाई दुसऱ्या गिअरच्या वर जाईनात. पाय जरा दाबायच्या आणि लगेच उचलायच्या. मागे ऑटो, ट्रक, शाळेच्या व्हॅन यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे आणि बाई पंचविसाने शांतपणे चालल्या असायच्या. हर्षाने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. बाई ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि पुन्हा पंचवीस.

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी संध्याकाळी पांढऱ्या गाडीची क्लचप्लेट गेली. मेकॅनिक म्हणाला, सामान नागपूरहून येईल तेव्हा येईल. मंगळवारी सकाळी हर्षाने परीक्षेची तारीख पुढे ढकलायची म्हणून कारध्याला फोन लावला, पण चंद्रभागाबाई तोवर निघाल्या होत्या. दहा मिनिटांत त्या दारात हजर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निळ्या गाडीकडे बोट केलं.

“मंग हे काहून नाही?”

हर्षाने सांगितलं की ही भावाची गाडी आहे, फार जोराची आहे, आणि मुख्य म्हणजे हिला माझ्या बाजूला ब्रेक नाही.

“तुमच्याकडं नाही, पण माह्याकडं हाय ना,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

नाही म्हणायचं हर्षाच्या अगदी ओठावर होतं. तेवढ्यात संघपाल घरातून लाल अक्षराची ‘एल’ची पाटी आणि चिकटपट्टी घेऊन बाहेर आले. त्यांनी ती पाटी ‘टर्बो’च्या बरोबर शेजारी नीट दाबून चिकटवली, हात पुसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मग हर्षालाही बसावं लागलं.

सकाळचे आठ वाजले होते. बायपासला रहदारी तुरळक होती. गाडी सुटतानाच हर्षाला पहिलं आश्चर्य वाटलं. पांढऱ्या गाडीत बाई दर वेळी हिसका द्यायच्या, पण या गाडीचा क्लच जड होता, बराचसा त्यांच्या ट्रॅक्टरसारखा, आणि तो त्यांनी लोण्यासारखा सोडला. दुसरा गिअर. मग कुणी काही न सांगता तिसरा. काटा पन्नासाला लागला. हर्षाचा उजवा पाय एव्हाना चारदा खाली गेला होता. तिथे रबरी मॅट होती, ती नुसती दबली.

पुढे राइसमिलचा ट्रक होता. वर ताडपत्री, तिच्या फटीतून कोंडा उडत होता.

“याच्या मांगं राहू का पुढं जाऊ?” बाईंनी विचारलं.

या प्रश्नाला नऊ वर्षं हर्षाचं एकच उत्तर होतं: मागेच राहा. आज तिने वळून मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. पुढेही रिकामा होता. “जा पुढं,” ती म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिलाच नवल वाटलं.

बाईंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी उजवीकडे घेतली आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. म्हणून त्यांनी आणखी दाबला. तेव्हा इंजिनातून एक बारीक शीळ निघाली आणि कुणी पाठीत दोन्ही हात लावून ढकलावं तशी गाडी उठली. ट्रक बाजूला होता होता मागे गेला. साठ, ऐंशी, एकशेदहा. मागे संघपालांनी वरची दांडी दोन्ही हातांनी धरली. हर्षाने मॅटवर सगळा जोर दिला आणि तिचा हात हँडब्रेककडे गेला. तिने चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे रस्त्यावर होते, हात सरळ होते, ओठ घट्ट मिटलेले होते. हर्षाने हात मागे घेतला.

बाईंनी पाय हळूहळू उचलला. पुन्हा आरसा, पुन्हा इंडिकेटर, आणि गाडी डाव्या पट्ट्यात आली. नव्वद, सत्तर, पन्नास. पुढे कडेला रुंद जागा होती, तिथे त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद करायला हात गेला तेव्हा संघपाल मागून म्हणाले की मिनिटभर चालू राहू द्या.

मिनिट संपलं तशी बाईंनी किल्ली फिरवली. मग हर्षाने विचारलं, “घाबरल्या का मावशी?”

“घाबरली ना. पण गाडी सरळ जाऊन राहिली होती. मंग मी कायले वाकडी करू?”

ट्रक मागून आला, त्याने हॉर्न वाजवला आणि पुढे गेला. चंद्रभागाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि थोड्या अवघडून म्हणाल्या, “मॅडम, एक सांगू का? त्या पांढऱ्या गाडीत माह्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जाते. मी दाबाच्या आधीच जाते. मले वाटे, माहंच काही चुकून राहिलं. म्हणून मी हळू चालवो.”

हर्षाने स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. चौदा शिकवण्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्याआधीचे कितीतरी विद्यार्थीही गेले, जे लायसन्स मिळाल्यावरही महिनोन्‌महिने घरच्यांना शेजारी बसवून गाडी चालवायचे. आपला पाय त्यांना वाचवतो असं ती समजत होती. तोच पाय त्यांना सांगत होता की तुम्हाला येत नाही.

“चूक तुमची नव्हती मावशी,” ती म्हणाली. “माझी होती.”

संघपालांनी घसा साफ केला. “तुले शिकवलं तवा मी हँडब्रेक धरूनच बसत होतो,” ते म्हणाले. “तुले कधी सांगतलं नाही.”

“माहीत होतं बाबा,” हर्षा म्हणाली, आणि तिघंही हसले.

परतताना चंद्रभागाबाई साठाने आल्या. हर्षाने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते आणि ते तिथेच ठेवायला तिला बरेच कष्ट पडले.

गुरुवारपर्यंत पांढरी गाडी दुरुस्त झाली नाही. परीक्षेच्या मैदानात बाकी सगळ्या छोट्या गाड्यांच्या रांगेत ही निळी गाडी उभी राहिली तेव्हा माणसं चहा सोडून बघायला आली. परीक्षा घेणारे साहेब गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि हर्षाला बसायला सांगू लागले. परीक्षा हिची नाही, माही हाय, असं म्हणत चंद्रभागाबाई पुढे झाल्या. पायात त्यांनी नातवाचे कॅनव्हासचे बूट घातले होते, कारण चप्पल पेडलवरून सटकत होती.

आठाचा आकडा झाला. चढावर थांबून पुन्हा निघणं झालं, गाडी बोटभरही मागे सरकली नाही. रिव्हर्सला मात्र गाडी आतून टिटिट करायला लागली. मागे काही जवळ आलं की ही वाजते हे त्यांना सांगायचं हर्षा विसरली होती. चंद्रभागाबाई थांबल्या. गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, खाली उतरल्या, मागे जाऊन खांब किती लांब आहे ते वाकून पाहिलं, परत येऊन बसल्या आणि गाडी दोन खांबांच्या बरोबर मधे नेऊन उभी केली. लिंबाच्या झाडाखाली हर्षाने डोळे मिटून घेतले होते.

साहेबांनी कागदावर काही लिहिलं. मधेच खाली उतरायचं नसतं, असं त्यांनी बाईंना सांगितलं. मग सही करता करता म्हणाले की एवढ्या वर्षांत मागे काय आहे ते स्वतः उतरून पाहणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. कागद देताना त्यांनी विचारलं, “ही पळते का हो जोरात?”

“पळते ना साहेब,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “पण इथं जागा कुठं हाय?”

लायसन्स पोस्टाने आलं. त्याच आठवड्यात अंकुशने व्हिडिओ कॉल केला आणि संघपालांनी कौतुकाने त्याला ‘टर्बो’ शेजारच्या ‘एल’चा फोटो दाखवला. अंकुशने फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्याने विचारलं की ओव्हरटेक कितव्या गिअरमध्ये केला. तिसऱ्या, असं कळल्यावर म्हणाला, “मंग बरोबर केला.” आणि ती पाटी काढताना रंग निघणार नाही एवढं बघा म्हणाला.

पांढऱ्या गाडीत हर्षाने नवा शिरस्ता केला. पहिले पाच दिवस पाय ब्रेकवर, त्यानंतर सीटखाली. खरंच धोका असेल तरच पुढे. पहिल्या महिन्यात ती घामाघूम होऊन घरी यायची. एका मुलाने मैदानातल्या कुंपणाला गाडी घासली. पत्र्याला ओरखडा गेला, तो हर्षाने तसाच राहू दिला.

फेब्रुवारीत सुखरामचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चंद्रभागाबाईंनीच त्यांना भंडाऱ्याला आणलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सुटल्यावर त्याच घरी घेऊन निघाल्या. सुखराम काळा चष्मा लावून शेजारी बसले होते. गाडी पुलावर आली तेव्हा ते म्हणाले, थांबव जरा, नदी पाहतो.

“पुलावर थांबता येत नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पूल संपू दिला, इंडिकेटर दिला, गाडी नीट कडेला लावली आणि त्यांना हात धरून उतरवलं. सुखरामनी चष्मा जरा वर केला. पाण्यात मासे धरणाऱ्याचा एक डोंगा होता, पलीकडच्या वाळूवर पांढरे पक्षी होते. दिसेल त्या एकेका गोष्टीचं नाव घेऊन ते बाईंना विचारत राहिले आणि बाई हो म्हणत राहिल्या.

“त्या डोंग्यातल्या माणसाचा शर्ट लाल हाय ना?”

“हो, लाल हाय.”

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. ऊन वाढायला लागलं तेव्हा चंद्रभागाबाईंनी त्यांचा चष्मा खाली ओढला, आणि दोघं गाडीत बसून घराकडे निघाले.