दोन स्कार्फ आणि एक गंगावन

शेजारचा औषधवाला मला एकदा म्हणाला, "ताई, तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचे केस तर झाकलेलेच असतात. त्यांना पार्लर कशाला लागतं?" मी म्हटलं, "तुमच्या घराला दार आहे म्हणून आत झाडू मारत नाही का?" तेव्हापासून मला बघितलं की तो गोळ्या मोजायला लागतो.

माझं दुकान फक्त बायकांचं. दाराला आतून कडी, खिडकीला जाड पडदा, भिंतीवर खुंट्या. आत आलं की आधी पिना निघतात, मग स्कार्फ खुंटीवर जातो आणि मग तोंड सुटतं. माझाही स्कार्फ तिथेच लटकत असतो. बायका केसांबरोबर मनही मोकळं करतात, आणि ते सगळं पोटात ठेवायचं म्हणजे माझ्यासारखीच्या अगदी जिवावर येतं. त्यात ही सासू-सून माझ्या नशिबी आली.

आधी आली सून. दातांच्या दवाखान्यात मदतनीस. केस कमरेच्याही खाली. डोक्यावर नारळाएवढा अंबाडा, त्यावर स्कार्फ, त्यावर दवाखान्याची टोपी, आणि हे सगळं घेऊन दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघायचं. मान धरली होती बिचारीची. "कापा," म्हणाली. मी मानेपर्यंत कापले. तिने डोकं इकडे हलवलं, तिकडे हलवलं, हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले.

"अम्मींना कळू देऊ नका हं, ताई. सुट्टीच्या दिवशी त्या मला पुढ्यात बसवून तेल लावतात. मग मी त्यांना लावते. एरवी घरात बोलणं म्हणजे नुसतं डबा, किल्ली, गॅस. तेवढ्या वेळात त्या माझ्याशी आईसारख्या बोलतात. केसच नाहीत म्हटल्यावर कशाला बसवतील?"

घरी परका पुरुष कोणी नाही. सासू, ही आणि हिचा नवरा. तरी ही बया स्वयंपाकघरातही स्कार्फ बांधून वावरायला लागली. विचारलं की सर्दी. नवऱ्याला खरं काय ते माहीत होतं. तो पेपर तोंडासमोर धरून बसायचा.

थोड्या दिवसांनी सासूबाई हजर. तापातून उठल्यापासून केस पुंजक्यांनी गळत होते.

"अगदी बारीक कर," त्या म्हणाल्या. "आणि सुनेला सांगशील तर याद राख. तिचे केस बघ आणि माझं हे बघ. कीव करेल माझी. तसाही हल्ली तिला माझा हात नको असतो. कसली सर्दी आणि कसलं काय! फार धार्मिक झालीये ती. घरातसुद्धा डोकं झाकते. आता मीही झाकणार. मी काय कमी आहे?"

मी कात्री चालवत राहिले आणि जीभ दातांखाली धरली. पुढे सून सांगायला आली, "अम्मी आता झोपतानाही स्कार्फ काढत नाहीत. मला स्वतःची लाज वाटते." हसू दाबता दाबता माझी बरगडी दुखली. एकीला सकाळी बोलवायचं, दुसरीला संध्याकाळी, अशी माझी कसरत चालली होती.

मग सासूबाईंच्या भाचीचं लग्न ठरलं. बायकांचा हॉल वेगळा, तिथे सगळ्यांचे स्कार्फ उतरणार. सून धावतच आली. "ताई, माझे कापलेले केस ठेवलेत ना? त्यांचंच गंगावन करून द्या." मी खोटी वेणी छान बांधली, धुतली आणि पडद्याजवळ वाळत टाकली.

ती न्यायला येणार त्याच सकाळी दारात सासूबाई. न सांगता! स्कार्फ खुंटीवर टाकून खुर्चीत बसल्या. "मलाही एखादं गंगावन दे. लग्नात शंभर डोळे बघणार." मी पडद्यापुढे उभी राहिले. माझ्या मागे कपाटही लपेल, पण ती वेणी लपली नाही. "हे काय, आहे की!" म्हणत त्यांनी ती ओढून घेतली.

वरून खाली बोटं फिरवली. मग पुन्हा, सावकाश. टोकाशी येऊन बोटं थांबली.

"इथे वळतात हे केस," त्या म्हणाल्या. "कितीही तेल लावा, टोकाला वळतातच."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तिची मान फार दुखायची, काकू."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

त्या वेणी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसून राहिल्या. तेवढ्यात दार वाजलं. सून आत आली आणि सवयीने पिना काढत बोलायला लागली. खुर्चीत बारीक केसांचं कोणी पाठमोरं गिऱ्हाईक बसलंय, एवढंच तिला दिसलं.

"झालं का ताई? नीट घट्ट बसेल ना? लग्नापुरतं निभावलं पाहिजे. नंतर काय करू, कळत नाही. तेल लावायचं बंद झाल्यापासून अम्मी माझ्याशी धड बोलतही नाहीत हो."

खुर्ची फिरली.

दोघी एकमेकींच्या डोक्याकडे बघत राहिल्या. सुनेचा हात आपोआप मानेवर गेला. मी मनातल्या मनात अल्लाहचं नाव घेतलं.

"मागून वाकडे कापलेत," सासूबाई म्हणाल्या.

मला राग आला, पण ही काही भांडायची वेळ नव्हती.

"अम्मी, माझे केस..." सुनेला पुढे बोलवेना.

"केस गेले. डोकं कुठे गेलंय?" त्यांनी पुढ्यातल्या फरशीवर थाप मारली. "बस इथे. आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? तेल आण."

सून फरशीवर बसली आणि ढसाढसा रडायलाच लागली. सासूबाईंनी तळहातावर तेल घेतलं, दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि तिची मान हलकेच दाबली.

"रडणं लवकर उरक," त्या म्हणाल्या. "मग माझी पाळी. इतके दिवस झाले, माझ्याही डोक्याला कुणाचा हात लागला नाहीये."